ड्रमला गोधडी

आमच्या दोन घरांमध्ये कंबरेइतकं कुंपण आहे. अर्धं विटांचं, अर्धं मेंदीचं. विटांवर शेजारच्या वैनी अंथरुणं वाळत घालतात आणि मेंदीपाशी आम्ही दोघी बोलतो. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी विटांवर त्यांची लाल-निळी गोधडी दिसली आणि मी गॅसवरचं दूध तसंच सोडून बाहेर आले. गोधडी साधीसुधी नव्हे. वैनींच्या आईनं जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली, लग्नात दिलेली. घरी पाहुणा आला तर त्याला सोलापुरी चादर मिळते, ही नाही. आणि आज तिच्या मधोमध काळपट वळं उमटलेलं, जसं काही कुणी तिच्यावर मोठं पातेलं ठेवलं होतं.

"काय हो वैनी, कोणी आजारी आहे का?"

"आजारी कोणी नाही जी. ड्रमला थंडी वाजते."

मी मेंदीत पाय रोवून उभी राहिले. दूध आता उतू जाणार हे मला कळलं होतं.

"महिना झाला बाई, रोज संध्याकाळी पाच वाजले की हे माझी गोधडी खांद्यावर टाकून शिडी चढतात. सकाळी सातला उतरवून आणतात. मला वाटायचं, वर वाळवण झाकून राहिले असतील. काल मी स्वतः चढली, तर हा निळा ड्रम माझ्या आईच्या गोधडीत गुंडाळून ठेवलेला. वरून सुतळी. लहान लेकराला टोपरं बांधतात नं, तसं!"

आता इथं मी कबूल केलं पाहिजे की या प्रकरणात माझाही हात आहे. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे शेजारपाजारचे सगळे खटाटोप कधी ना कधी माझ्या ओट्यावर येतात. हे प्रकरण आलं मागच्या मे महिन्यात. वैनींचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणते, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. कुरड्यांचा डबा ठेवायला माळ्यावर गेले आणि दोन मिनिटांत घामानं थबथबून खाली आले. हातात दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या. त्या जिलबीसारख्या वळल्या होत्या.

अमरावतीत मे महिना म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. पण त्यांच्या माळ्यावर वरून पत्रा, खाली सागवानी तक्तपोशी, आणि हवा जायला दोन टिचभर झरोके. भाऊंनी नातवाचा ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर वर नेला. त्यानं 'एच' असं अक्षर दाखवून माघार घेतली, कारण त्या बिचाऱ्याची धाव ताप मोजण्यापुरतीच असते. मग भाऊ माझ्याकडे आले. माझ्याकडे प्रयोगशाळेतला काचेचा तापमापक आहे, 110 अंशांपर्यंतचा, पदरच्या पैशानं घेतलेला. तो मी दिला. दुपारी तीन वाजता माळ्यावर 54 अंश निघाले. तिथून पुढं भाऊंची झोप गेली.

"तुम्हीच दिला नं तो तापमापक," वैनी म्हणाल्या.

"मी तापमापक दिला. गोधडी नाही दिली."

भाऊंचं म्हणणं सोपं होतं. डोक्यावर 54 अंशांची भट्टी फुकट पेटलेली, आणि खाली आपण 2 किलोवॉटचा गिझर लावून पाणी तापवतो. एक बादली म्हणजे 15 लिटर. ती 20 अंशांनी तापवायला एक तृतीयांश युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या, म्हणजे दिवसाला पावणेदोन युनिटं. एवढं तर माळा सहज देईल.

यातली पहिली गंमत वैनींनाच आधी दिसली होती. मे महिन्यात गरम पाणी हवंय कोणाला? आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं त्याखाली हात धरवत नाही. उन्हाळ्यात आम्ही रात्री बादल्या भरून न्हाणीत ठेवतो, सकाळपर्यंत निवाव्या म्हणून. जेव्हा माळा तापतो तेव्हा माणसं थंड पाणी शोधतात, आणि जेव्हा माणसं कुडकुडतात तेव्हा, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे सहा वाजता, माळ्यावरचा पत्रा बर्फासारखा असतो. पावसाळ्यात तर काहीच नाही. वैनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "जावयासारखी ऊब आहे ही. नको तेव्हा येते, हवी तेव्हा नसते." (जावई नागपूरला असतात आणि चांगले आहेत. बोलण्याची एक रीत.)

पण भाऊ थांबणारे नव्हते. ऑक्टोबरची उन्हं कडक झाली तसे ते मोर्शीला धाकट्या भावाच्या मळ्यात गेले. त्याची संत्र्याची बाग आहे. बांधावर जुन्या ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी पडलेली, 16 मिलिमीटरची. काळा रंग, फुकटचा माल, उन्हाला टिकणारं प्लास्टिक. भाऊंनी 100 मीटर उचलली, एसटीच्या टपावर टाकली आणि घरी आणून माळ्यावर वेटोळं मांडलं. एक तोंड टाकीच्या नळाला, दुसरं न्हाणीतल्या बादलीकडे. तोटी सोडली.

"तुम्हाला आठवते नं ती रात्र?" वैनींनी कपाळाला हात लावला.

कशी विसरेन! ठिबकची नळी ठिबकण्यासाठीच असते, एवढी एकच गोष्ट एसटीत इंजिनं खोलणाऱ्या माणसाच्या ध्यानातून गेली होती. दर हातभर अंतरावर एकेक छिद्र. वर माळ्यावर अदृश्य संत्र्याच्या झाडांना रात्रभर पाणी मिळत राहिलं आणि ते तक्तपोशीच्या फटींतून खाली झोपलेल्या वैनींच्या सासूबाईंवर उतरलं. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "आला का पाऊस?" ऑक्टोबरात.

मग बाजारातून बिनछिद्राची नळी आली. ती मात्र जमली. दुपारी दोन वाजता तोटी सोडली की वाफाळतं नाही, पण चांगलं कढत पाणी यायचं. एक बादली. फक्त एक. दुसरी बादली भरेपर्यंत पाणी थंडगार. भाऊ पुन्हा माझ्या ओट्यावर. मी कागद घेतला. नळीचं आतलं तोंड साडेतेरा-चौदा मिलिमीटर. 100 मीटर नळीत पाणी मावतं साडेचौदा-पंधरा लिटर. म्हणजे बरोब्बर तेवढीच एक बादली. नळीचं अंग मोठं, पोट लहान. तापते लवकर, पण देणार काय?

"तेव्हाच हा ड्रम आला," वैनी म्हणाल्या. "दोनशे लिटरचा. आणि कुठं ठेवला माहीत आहे? आमच्या पलंगाच्या बरोबर वर."

याचा मात्र मी त्या दिवशी राग केला होता. पाणी वजनाला किती असतं हे लोक विसरतात, कारण बादली उचलताना आपण एकच उचलतो. 200 लिटर म्हणजे 200 किलो. दोन क्विंटल. तक्तपोशी ही कुरड्या, पितळेची भांडी आणि दिवाळीचा आकाशकंदील यांच्यासाठी असते, तिच्यावर दोन क्विंटल उभे करायचे नसतात. मी भाऊंना म्हटलं, ड्रम हलवा, मधल्या भिंतीच्या डोक्यावर आणा, खाली आडवे वासे टाका, म्हणजे भार भिंतीतून पायात जाईल. आणि ड्रमखाली मोठी परात ठेवा, परातीला नळी लावून ती बाहेर पन्हाळीत सोडा. कारण माळ्यावरचं पाणी आज ना उद्या गळतंच.

परातीची अक्कल माझी नाही. वैनींची भाची टेक्सासला असते. तिकडे कित्येक घरांत गिझरची मोठी टाकीच माळ्यावर बसवलेली असते आणि तिच्याखाली अशी परात, गळकं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीसकट, ठेवावी लागते. तिच्या घरात तर नळाच्या नळ्याही माळ्यावरून फिरवल्यात. उन्हाळ्यात ती थंड पाण्याचा नळ सोडते तेव्हा आधी कितीतरी वेळ गरमच पाणी येतं. म्हणजे भाऊ ज्यासाठी शिड्या चढून राहिले ते तिच्या घरात आपोआप होतं, आणि ती त्याबद्दल कुरकुरते.

"पण बाई, मला एक सांगा," वैनींनी गोधडी उलटी केली, "वर एवढी आग असते, तर ड्रम तापायला दिवसभर काऊन लागतो? माझ्या सासूबाईंच्या बंबात अर्ध्या तासात पाणी उकळायचं."

हा प्रश्न शाळेत एकाही पोरानं मला विचारला नाही. मी कुंपणावर कोपर टेकलं.

बंबाची रचना बघा. तांब्याचं भांडं, आणि त्याच्या पोटातून उभं नळकांडं. विस्तव त्या नळकांड्यात. खाली पऱ्हाट्या, शेणाच्या गोवऱ्या, शेंगांची फोलं, जे असेल ते. चारी बाजूंनी पाणी. म्हणजे विस्तवाला बाहेर पडायचं तर पाण्याच्या मधूनच वाट आहे. जाता जाता तो पाण्याला देऊन जातो. तांबं पातळ आणि उष्णतेला सढळ. ज्यानं कोणी पहिला बंब घडवला त्याला मी मनातल्या मनात दर हिवाळ्यात नमस्कार करते.

माळ्यावर उलटं आहे. उष्णता पाण्याच्या बाहेर आहे आणि तिच्या-पाण्याच्या मधे हवा बसली आहे. हवेइतका कंजूष जीव नाही. सबंध माळ्यावर 50 घनमीटर हवा धरा. ती एका अंशानं निवताना जेवढी उष्णता देते तेवढ्यात 14 लिटर पाणी एका अंशानं तापतं. म्हणजे माळाभर हवेची ऐपत एका बादलीएवढी! घाम फोडणारी हवा आपल्याला श्रीमंत वाटते, पण तिच्या गाठीला काही नसतं. खरी उष्णता पत्र्याची, आणि पत्र्याला ती ऊन देतं. मे महिन्यात भर दुपारी चौरस मीटरमागे एक किलोवॉटच्या आसपास ऊन पडतं. वैनींचा पत्रा 60 चौरस मीटर. म्हणजे छपरावर तीस गिझर एकदम चालू. जानेवारीचं तिरपं ऊन धरलं तरी वीस. आणि त्यातून नळीवाटे ड्रमपर्यंत पोचतं ते जेमतेम अर्धा किलोवॉट. पाव गिझर.

"वीस गिझर लावायचे आणि पाव गिझराचं पाणी घ्यायचं!" वैनी म्हणाल्या. "सरकारी योजनाच झाली की."

भाऊंनी नळी आणि ड्रम दोन्ही जोडायचं ठरवलं तेव्हाही एक फजिती झाली. ड्रम त्यांनी आधी खाली न्हाणीत उतरवला आणि वाट पाहत बसले की गरम पाणी नळीतून आपोआप उतरेल. गरम पाणी हलकं असतं, ते वर चढतं, उतरत नाही. छपरावरच्या सोलर हीटरची टाकी नळ्यांच्या वरच्या टोकाला असते ती याचसाठी. तिथं पंप लागत नाही, पाणी स्वतःच फिरतं. माळ्यावर नळीच्या वर टाकी ठेवायची म्हटलं तर पत्रा डोक्याला लागतो. शेवटी भाऊंनी ड्रम परत माळ्यावर नेला आणि कूलरमधला पंप काढला. अमरावतीत प्रत्येक घरात एक कूलर असतो आणि हिवाळ्यात त्याचा पंप बेकार असतो, हे त्यांना सुचलं याचं मी कौतुक करते. 18 वॉटचा पंप. सकाळी अकराला सुरू, चारला बंद. वीज खाणार एका युनिटाचा दहावा हिस्सा.

आणि मग नोंदी सुरू झाल्या. भाऊंनी त्या कालनिर्णयच्या चौकटींत लिहिल्या आहेत, एकादशी आणि गॅस सिलिंडरच्या तारखांच्या मधे. मी त्या पाहिल्या आहेत. जानेवारीची एक चौकट अशी: सकाळी ड्रम 19. दुपारी तीनला माळा 41. संध्याकाळी पाचला ड्रम 31. चौकटीत जागा संपली म्हणून पुढचं रविवारच्या खाली: पहाटे सहाला ड्रम 20.

"दिवसभर पंप चालवून एक अंशाची कमाई," मी म्हटलं.

"त्या दिवशी यांचा चेहरा पाहायचा होता. जेवले नाहीत नीट."

रात्री माळ्याचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. निरभ्र आकाशाखाली पत्रा आपली सगळी ऊब वर सोडून देतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. दुपारी 41 असलेला माळा पहाटे 12 वर. तिथं उघडा ड्रम ठेवला की दुपारी ज्या वाटेनं उष्णता आत आली त्याच वाटेनं ती परत जाते, व्याजासकट. माळ्याची ऊब मिळवणं अवघड नव्हतंच. रात्रभर तिला थोपवायचं कसं, सगळं घोडं तिथं अडलं होतं.

हे काही भाऊंवरच आलं नाही. अमेरिकेत लोक पूर्वी पाण्याची टाकी काळी रंगवून छपरावर उन्हात ठेवायचे. 1891 मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प नावाच्या माणसानं अशा काळ्या टाक्या काचेच्या झाकणाच्या पेटीत घातल्या, पेटंट घेतलं आणि 'क्लायमॅक्स' या नावानं विकल्या. दुपारी उत्तम, पहाटे थंड. मग 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यानं टाकी उन्हातून काढली. तापवायच्या नळ्या वेगळ्या, साठवायची टाकी वेगळी, आणि टाकीला चांगलं जाड वेष्टण. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गरम. त्यानं यंत्राचं नावच ठेवलं 'डे अँड नाइट', म्हणजे दिवस आणि रात्र. आज पुण्या-नाशकाच्या गच्च्यांवर जे सोलर हीटर दिसतात त्यांचं पूर्वजन्मीचं रूप तेच. मी हे वैनींना सांगितलं.

"म्हणजे त्याच्या बायकोची पण गोधडी गेली?"

"ते पुस्तकात नाही."

भाऊंनी आधी पोती गुंडाळली. पोती विरळ. मग थर्माकोल आणला, तो उंदरांनी एका आठवड्यात कुरतडून माळ्यावर शिमगा केला. मग एका संध्याकाळी त्यांची नजर कपाटातल्या गोधडीवर पडली. सात थर लुगड्यांचे, थराथरांत अडकलेली हवा, आणि बारीक धावदोरा. हवा कंजूष, हे मघाशी मी तक्रारीनं म्हटलं. गोधडीत तोच तिचा गुण होतो. हलायला जागा मिळाली नाही की ती उष्णता इकडची तिकडे करत नाही. गोधडी घातल्याच्या दुसऱ्या पहाटे ड्रम 26 वर होता. कालनिर्णयमध्ये त्या चौकटीभोवती लाल गोल आहे. वैनींचा वाढदिवस त्याच आठवड्यात असतो. त्या चौकटीला गोल नाही. हे मला वैनींनीच दाखवलं.

आता खरा हिशेब. टाकीचं पाणी पहाटे 17 अंश. गिझरनं ते 40 पर्यंत न्यायचं म्हणजे 23 अंश चढण. ड्रमचं 26 अंशांचं पाणी गिझरला दिलं तर चढण उरते 14 अंशांची. पाच बादल्यांवर रोज पाऊण युनिट वाचतं, त्यातून पंपाचं वजा. हिवाळ्याच्या तीन महिन्यांत साठ युनिटं धरा. सरकारी पत्रकांत 100 लिटरच्या सोलर हीटरमागे वर्षाला 1500 युनिटं वाचल्याचा आकडा असतो. मी भाऊंना तेवढंच म्हटलं. ते म्हणाले, "बाई, सोलरला पैसे पडतात. हे फुकट आहे." नळी, ड्रम, वासे, परात आणि दोनदा रंगवलेली तक्तपोशी यांची बेरीज त्यांनी कालनिर्णयमध्ये कुठं लिहिलेली नाही.

एक उपाय मात्र मी सुचवला होता आणि तो शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. पाणी संध्याकाळी पाचला सगळ्यात गरम असतं, तर आंघोळी संध्याकाळीच करा. भाऊ तयार. एक दिवस केलीही. ओल्या केसांनी दारात उभे राहिले तर समोरचे काका सायकल थांबवून हळू आवाजात विचारतात, "कोणाच्या मातीला गेले होते भाऊ?" सासूबाई आतून ओरडल्या, दिवेलागणीला डोक्यावरून पाणी घेता, घरात काही अशुभ आहे का! तो उपाय त्याच संध्याकाळी बंद पडला.

"सासूबाईंना ड्रमचं पाणी चालत नाही तसंही," वैनी म्हणाल्या. "म्हणतात, याला धुराचा वास नाही. पण परवा त्याच पाण्यानं गुळण्या करून राहिल्या होत्या, घसा धरला म्हणून."

इथं मी कुंपणावरचा हात काढला आणि शाळेतला आवाज लावला. कोमट पाणी ड्रममध्ये दिवसचे दिवस ठेवणं ही वाईट खोड आहे. 1976 मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर माणसं न्यूमोनियानं पटापट दगावली. त्यातून जो जंतू सापडला त्याचं नावच त्या सैनिकांच्या संघटनेवरून लेजिओनेला पडलं. त्याला असंच पाणी आवडतं: फार थंड नाही, फार गरम नाही, साचलेलं. पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर तो श्वासात जातो. 60 अंशांवर मरतो. म्हणून ड्रमचं पाणी आधी गिझरमध्ये जाऊ द्या, तिथं ते चांगलं तापू द्या, मग विसण घालून अंगावर घ्या. प्यायला, गुळण्यांना, स्वयंपाकाला मुळीच नको. आणि ड्रमला घट्ट झाकण, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा. आशाताई घरोघर येऊन कोरडा दिवस पाळा म्हणतात ते अंगणातल्या रांजणासाठीच नसतं. डासाला शिडी लागत नाही.

"झाकण आहे जी. माझ्या पुरणाच्या पातेल्याचं."

मी पुढं काही बोलले नाही.

खरं सांगायचं तर माळ्याची उष्णता पाण्यात घालायचा धड रस्ता आता निघाला आहे, आणि तो भाचीनं फोनवर सांगितला. हीट पंपाचा गिझर. फ्रिज कसा आतली उष्णता ओढून मागच्या जाळीवर टाकतो, तसा हा भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. एक युनिट वीज खातो आणि दोन-तीन युनिटांएवढी ऊब देतो, वर जिथं बसवला ती जागा गार करतो. हवा कोमट असली तरी त्याचं भागतं. भाऊंनी किंमत विचारली. ऐकून फोन ठेवला आणि गोधडी घेऊन शिडी चढले.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण आज वैनींचा सूर वेगळा होता. गोधडी त्यांनी धुतलीय, तीही ड्रमच्याच कोमट पाण्यात, आणि ती आता वर जाणार नाही.

"होळी झाली की मी पत्र्यावर पांढरा रंग मारून घेणार आहे बाई. माणूस सांगून ठेवला. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंना दोनदा चक्कर आली माळ्याखालच्या खोलीत."

त्यांचं बरोबर आहे. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो. खालच्या खोलीला फरक पडतो, हे चुना मारलेल्या गच्चीखाली झोपलेल्या कोणालाही विचारा. भाऊंचा दावा होता की नळी उन्हाळाभर चालू ठेवली तर तीच घर थंड करील. तीस गिझरांतून पाव गिझर काढून घेतल्यानं काय थंड होणार! पण पांढरा रंग मारला की पुढच्या जानेवारीत माळा 41 वर जाणार नाही, तिशीतच अडकेल. मग ड्रम कशानं तापायचा? म्हणून भाऊ रंगाला नको म्हणतात, आणि तसं तोंडानं न म्हणता 'सध्या माणूस महाग पडतो' म्हणतात.

"तुम्ही त्यांना सांगा नं," वैनी म्हणाल्या. "तुमचं ऐकतात."

तेवढ्यात माळ्याच्या झरोक्यातून भाऊंचं डोकं बाहेर आलं. केसांत जाळी, हातात माझा तापमापक. त्यांनी आधी विटांवरच्या ओल्या गोधडीकडे पाहिलं, मग वैनींकडे, मग माझ्याकडे. झरोका लहान, त्यामुळे डोकं परत आत घेणं त्यांना जमत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्याकडे एखादी जुनी गोधडी पडून आहे का हो?"

"नाही हो भाऊ," मी म्हटलं.

तीन आहेत. आत दुधाचा करपट वास यायला लागला होता, म्हणून मी लगबगीनं घरात गेले, आणि आधी कपाटाला कुलूप घातलं.